जीपचा हँडब्रेक कितीही ओढला तरी धरत नाही, गाडी उतारावर सरकते. मदत हवी आहे

वाईकर_जीप
नमस्कार मंडळी. आजोबांची महिंद्रा सीजे-३बी आहे, १९७२ ची, उंच बॉनेटवाली, पेट्रोल इंजिन अजून मूळचंच. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ११ वर्षं उभी होती आणि गेल्या दिवाळीपासून मी आणि चुलतभाऊ दर रविवारी तिच्या मागे लागलोय. इंजिन चालू झालं, पायातला ब्रेक नवीन सिलिंडर टाकून एकदम मस्त झालाय, वायरिंग पण संपत आलं. अडलंय ते हँडब्रेकपाशी.

आमचं अंगण उतारावर आहे. मागच्या रविवारी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेकचं हँडल पूर्ण बाहेर ओढलेलं, आणि आम्ही दोघं चहाला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर जीप हळूहळू मागे चाललीये आणि खाली तुळशीकट्ट्यापाशी आजी बसलेली, तिला ऐकू कमी येतं. भावाने पळत जाऊन चाकाखाली दगड टाकला म्हणून थांबली, कट्ट्यापासून हातभर राहिली असेल. तेव्हापासून मला ते चित्र डोळ्यासमोरून जात नाहीये.

आधी एका गॅरेजवाल्याने केबल दोनदा ताणून दिली होती आणि जाताना सांगितलं की जुन्या जीपचा हँडब्रेक असाच असतो, दगड ठेवत जा. काल मी मागचे दोन्ही ड्रम उघडले, म्हटलं लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) बघू. शू चांगले आहेत पण हँडब्रेकची केबल तिकडे जातच नाही! कुठे लिव्हर नाही, काही नाही. कोणीतरी काढून टाकलंय का? ते पार्ट आता मिळतील का? फोटो उद्या टाकतो.

पेणचा_मोटारवाला
दादा पहिल्यांदा केबल बदला. आतली तार गंजली की बाहेरून कितीही ताणा, हँडल ओढलेलं दिसतं पण पुढे काहीच पोचत नाही. माझ्या गाडीला हेच होतं. पेठेत क्लच वायर बनवणारे असतात ते जुनी दाखवली की तशीच करून देतात.

जुना_पाना
वाईकर, कुणी काही काढलेलं नाही, काळजी करू नका. या जीपचा हँडब्रेक चाकात नसतोच. गाडीखाली झोपा आणि केबल हाताने धरत धरत जा, ती ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची पेटी, जी जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवते) मागे जाईल. तिथं मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) तोंडाशी एक लहान ड्रम दिसेल, तोच तुमचा हँडब्रेक. तो चाक धरत नाही, शाफ्ट धरतो. मी कोल्हापुरात ३० वर्षं गॅरेज चालवलं आणि नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी हेच चुकायची, मागची चाकं खोलून बसायची.

एवढासा ड्रम गाडी कसा धरतो असं वाटेल. या गाडीच्या डिफरन्शियलचा (शाफ्टचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटणारे अ‍ॅक्सलमधले गिअर) रेशो ५.३८, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टचे पाचाच्या वर फेरे लागतात, त्यामुळे शाफ्टवर लावलेला जोर चाकाशी पाचपटीने पोचतो. ड्रम लहान असला तरी काम मोठं करतो, नीट असेल तर घाटात उभी गाडी हलत नाही. "असाच असतो" म्हणणाऱ्याने तो कधी उघडून बघितला नसणार.

आता एक करा. ड्रमच्या खालच्या काठावर बोट फिरवा आणि बोट काळं चिकट झालं का सांगा.

वाईकर_जीप
काका आत्ता जाऊन आलो. ड्रमच्या खाली तेलाचा थेंब लोंबतोय, बोट पुसलं तर गिअर ऑइलचा तो उग्र वास. जमिनीवर पण डाग आहे, मी तो इंजिनचा समजत होतो.

जुना_पाना
मग केबलचा प्रश्नच नाही. ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून (तेल अडवणारी रबरी कडी) तेल येतंय आणि सील बरोब्बर ड्रमच्या मधोमध असतं, त्यामुळे गळालेला प्रत्येक थेंब आधी लायनरला पाजला जातो. तेल प्यालेल्या लायनरवर तुम्ही कितीही केबल ओढा, तो घसरणार. ताणून ताणून केबलचं टोक तुटेल एवढंच.

पेणचा_मोटारवाला
काका म्हणतात ते बरोबर असेल, मला शाफ्टवरच्या ब्रेकचं माहीत नव्हतं. पण लायनर पेट्रोलमध्ये धुऊन वरून जरा जाळून घेतला तर चालतो ना? आमच्याकडे सगळे असंच करतात.

मृणाल_दापोली
@पेणचा_मोटारवाला कृपया जाळू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, त्रास वीसतीस वर्षांनी दिसतो. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते म्हणून हा विषय मला जवळचा आहे. कॉम्प्रेसरने हवा मारून ड्रम साफ करायची सवय तर सगळ्यात वाईट. ड्रम उघडला की साबणाच्या पाण्याने ओलं करून कापडाने पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा, कापड पिशवीत बांधून टाकून द्या.

आणि धुऊन उपयोग पण होत नाही. वरून कोरडा दिसतो, चार वेळा ब्रेक लावून गरम झाला की आतलं तेल परत वर येतं. आमच्या जीपला आम्ही दोनदा धुऊन बघितलं होतं, दुसऱ्यांदा मुरुडच्या उतारावर गाडी सरकली तेव्हा शहाणे झालो. नवीन लायनर मारून घ्या, खर्च फार नाही.

वाईकर, अजून एक. नुसतं सील बदलून थांबू नका, सील का गळलं ते शोधा. ट्रान्सफर केसला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) असतो, तो बुजला की गरम तेलाचा दाब कुठून तरी बाहेर पडायला बघतो आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे सील. आमचं नवीन सील त्यामुळेच पहिल्या पावसाळ्यातच गेलं होतं.

वाईकर_जीप
ताई, काका, खूप आभार. शनिवारी उघडतो. उघडताना काय सांभाळायचं? मी असं काम कधी केलं नाहीये.

जुना_पाना
सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की शाफ्ट सुटला की हँडब्रेक संपला. आणि गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी पण सुटलीच, कारण गिअर चाकापर्यंत त्याच शाफ्टमधून पोचतो. सपाट जागी घ्या, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि मगच खाली जा. अंगणात तर अजिबात करू नका.

दुसरं, या ब्रेकचा एक जीवघेणा गुण आहे तो माहीत पाहिजे. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक असून नसल्यासारखा. शाफ्ट धरलेला असतो पण डिफरन्शियल आहे ना, जमिनीवरचं चाक पुढे फिरलं की हवेतलं चाक उलटं फिरतं आणि गाडी जॅकवरून निघून जाते. पंक्चर काढताना असं झालेलं मी स्वतः बघितलंय, माणूस वाचला पण हात गेला. चाक बदलताना हँडब्रेकवर विसंबायचं नाही, फोर-व्हील टाका म्हणजे पुढची चाकं पण शाफ्टला बांधली जातात, आणि दगड तर लावाच.

कामाचं सांगतो. शाफ्ट सोडायच्या आधी क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा सांधा) जागी खडूने खूण करा, परत तसाच बसला पाहिजे. मधल्या नटाची स्प्लिट पिन काढा, नट घट्ट असतो, लांब हँडलचा गोटी पाना लागेल. एरवी हँडब्रेक ओढून ड्रम धरता येतो, तुमचा घसरतोय म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ट्रान्सफर केस लो ला टाका, इंजिन ड्रम धरून ठेवेल. नट निघाला की ड्रम आणि योक (ज्याला शाफ्ट जोडलेला असतो तो तुकडा) एकत्र बाहेर येतात. अडले तर पुलर लावा, हातोडीने ड्रमच्या काठावर मारू नका, बिडाचा असतो, टवका उडतो.

योक हातात आला की सील जिथं घासतं ती जागा नखाने बघा. नख अडकलं तर तिथं खाच पडली आहे, नवीन सील पण गळणार. मग एकतर नवा योक नाहीतर वर बारीक स्लीव्ह चढवून घ्या. खाच अगदी हलकी असेल तर सील थोडं कमी खोल बसवायचं म्हणजे त्याची ओठळी कोऱ्या जागेवर येते.

आणि ट्रान्सफर केसमधून बाहेर आलेल्या शाफ्टचं टोक धरून वरखाली, पुढेमागे हलवून बघा. वरखाली हललं तर बेअरिंग गेलंय. पुढेमागे चार ते आठ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालतं, त्यापेक्षा जास्त असेल तर मागच्या कॅपखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करावे लागतील. शाफ्ट नाचत असेल तर सोन्याचं सील टाकलं तरी टिकणार नाही.

बीटलवाली_नाशिक
मध्येच विचारते, माफ करा. माझी फोक्सवॅगन बीटल आहे, तिचा हँडब्रेक पण शेवटच्या खाचेपर्यंत येतो. तिला पण असाच मधला ड्रम असतो का?

मृणाल_दापोली
नाही गं, बीटलचा मागच्या दोन चाकांतच असतो, दोन वेगळ्या केबल मधल्या बोगद्यातून मागे जातात. आधी मागचे शू ड्रमजवळ अ‍ॅडजस्ट कर, केबलला शेवटी हात लाव, लोक उलटं करतात. मग मागची दोन्ही चाकं उचलून लिव्हरच्या मुळाशी रबराखाली दोन नट आहेत तिथून ताण: दोन खाचा ओढल्यावर दोन्ही चाकं सारखीच जड फिरली पाहिजेत आणि चार खाचांना हाताने फिरताच कामा नयेत. लिव्हर बाहेर काढायची वेळ आली तर टोकाचं बटण दाबू नकोस, आतला दात्यांचा तुकडा निसटून बोगद्यात पडतो. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढ, मी येते तिकडे.

बीटलवाली_नाशिक
काढते ताई, थँक्यू.

वाईकर_जीप
शनिवारचा रिपोर्ट. उशीर झाला, सकाळी आठला खाली गेलो ते संध्याकाळी दिवेलागणीला बाहेर आलो.

नट काका म्हणाले तसा घट्ट होता, पान्याला चार फुटी पाइप घालून भाऊ लोंबकळला तेव्हा कट्ट आवाज करून सुटला. ड्रम पुलरने आला. आतलं दृश्य सांगतो. दोन्ही शू काळेकुळकुळीत, वरून आरशासारखे चमकणारे, आणि लायनरवर अंगठा दाबला की कडेने तेल वर यायचं, ओल्या वाळूवर पाय दिला की पाणी येतं ना तसं. स्प्रिंगांवर चिखल आणि तेलाचा बोटभर थर. हा ब्रेक कुठली गाडी धरणार होता!

सीलचं रबर एवढं कडक झालं होतं की काढताना बिस्किटासारखं तुटलं. योकवर खाच आहे, नख हलकंसं अडकतं. शाफ्ट वरखाली अजिबात हलत नाही. पुढेमागे किंचित, लेथवाल्याकडून डायल गेज आणून बघितलं, सहा थाऊ.

आणि ताई, ब्रीदर!! तो काढला तर आत माती. मला वाटलं रस्त्याची असेल पण खिळ्याने टोकरली तर ती कुंभारीण माशीच्या घराची होती, आत वाळलेले दोन कोळीसुद्धा निघाले. ११ वर्षं गाडी शेडमध्ये होती, तिने आरामात संसार थाटलेला. रॉकेलमध्ये भिजवून तार घालून मोकळा केला, आता फुंकर आरपार जाते. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्याच्याकडे बघितलं पण नसतं.

अजून एक सापडलं. लेव्हलचा प्लग उघडल्यावर पाऊण लिटरभर तेल भसकन बाहेर आलं. म्हणजे त्या गॅरेजमध्ये तेल पण जास्त भरलं होतं.

जुना_पाना
उत्तम काम. प्लगच्या काठापर्यंत तेल आलं की थांबायचं, वर नाही. तुमच्याकडे जास्त भरलेलं, ब्रीदर बंद आणि सील वाळलेलं, तिन्ही एकत्र आल्यावर तेल कुठं जाणार. गिअरबॉक्सची पण लेव्हल बघा, या गाडीत तेल दोन्हींच्या मधून इकडून तिकडे सरकतं, एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त असं सापडतं.

सहा थाऊ असेल तर शिमला हात लावू नका. सहा छान आहे.

ओहायोकर
उशिरा आलो. मी मूळचा साताऱ्याचाच, आता ओहायोत असतो, टोलेडोपासून तासाभरावर, जिथे विलीज कंपनीचा कारखाना होता आणि तुमच्या गाडीची मूळ आवृत्ती १९५३ ते १९६८ बनत होती. अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे महिंद्राने ती कितीतरी वर्षं चालू ठेवली, त्यामुळे इथल्या लोकांना मी सांगतो की तुम्हाला अस्सल माल हवा असेल तर महाराष्ट्रातल्या शेडमध्ये बघा.

माझ्याकडे तीच गाडी आहे आणि विलीजचं सर्व्हिस मॅन्युअल पण. जोडून झाल्यावर अ‍ॅडजस्टमेंट कशी करायची ते त्यात जसं आहे तसं सांगतो, कारण इथेच लोक केबल ओढून मोकळे होतात. डॅशबोर्डचं हँडल पूर्ण आत ढकला. केबल मोकळी पाहिजे, ओढलेल्या केबलवर अ‍ॅडजस्ट केलं तर सगळं मोजमाप खोटं. ड्रमला भोकांच्या तीन जोड्या आहेत, ड्रम फिरवून कुठलीही एक जोडी आतल्या दोन दातेरी चाकांसमोर आणा. भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून भोकाच्या काठावर टेकवायचा आणि त्याची मूठ शाफ्टच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला न्यायची, की दाते फिरून शू बाहेर येतात. दोन्ही दातेरी चाकं अशीच फिरवत शू ड्रमला घट्ट लागेपर्यंत जायचं आणि मग प्रत्येकाचे सात दाते मागे घ्यायचे. सात मोजूनच घ्या. कमी घेतले तर चालताना घासून गरम होतो, लायनरचा वास येतो आणि त्याच गरमीने शेजारचं सील परत वाळतं.

वाईकर_जीप
हे सोनं आहे दादा. साताऱ्यात कुठले?

ओहायोकर
मंगळवार पेठ. शाळेत जाताना पोवई नाक्यावर जीपांची रांग बघत उभा राहायचो, तिथूनच हा नाद लागला.

पेणचा_मोटारवाला
मी बराच शिकलो इथे. एक शंका, चालत्या गाडीत पायातला ब्रेक गेला तर हा हँडब्रेक वापरायचा का? शाफ्टवर आहे म्हणून विचारतो.

जुना_पाना
जीव वाचवायला लागला तर वापरायचाच, पण गिअर खाली आणत आणत आणि हळूहळू ओढत. एकदम ओढला तर सगळा झटका क्रॉस आणि डिफरन्शियलच्या दात्यांवर येतो, पाचपटीचा हिशोब उलटा लागतो ना. रोज सिग्नलला थांबवायला मात्र वापरू नका, तो उभी गाडी धरण्यासाठी आहे.

वाईकर_जीप
शेवटचा मोठा रिपोर्ट. तीन रविवार गेले कारण मध्ये ऊसतोड होती.

शू साताऱ्याला एका ब्रेक लायनरवाल्याकडे दिले, नव्या मालाचा अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला लायनर सांगून मारून घेतला. म्हातारे गृहस्थ होते, तांब्याचे रिव्हेट एकेक करून मारले, मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, म्हणाले टोकाकडून मारलं तर लायनर मध्ये फुगतो. प्रत्येक रिव्हेटचं डोकं लायनरच्या पुरेसं खाली आहे का ते नखाने तपासून दिलं. लायनरची दोन्ही टोकं कानशीने तिरकी केली म्हणजे ब्रेक कचकन धरत नाही. मी तासभर बघत बसलो होतो.

योकला स्लीव्ह चढवला. सील बसवताना ओठळीला बोटाने तेल लावलं, आणि सीलवर लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत आत घेतलं. ड्रम आतून पॉलिश पेपर मारून, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, शेवटी स्वच्छ फडक्याने पुसला. शू हाताळायच्या आधी भावाला पण हात धुवायला लावले, नवीन लायनरला ग्रीसचं बोट लागायला नको म्हणून. नवी स्प्लिट पिन. केबलची आतली तार खरंच गंजली होती (पेणकर, तुमचंही खरं निघालं), तीही नवीन करून घेतली आणि केबल ज्या लिव्हरला अडकते तिची पिन झिजून अंडाकृती झाली होती ती लेथवर करून घेतली.

मग गाडी सपाटीवर, मागची दोन्ही चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), पुढच्या चाकांना दगड. ओहायोकर दादांनी सांगितलं तसं, हँडल आत, शू घट्ट, सात दाते मागे. भाऊ मोठ्याने मोजत होता. हँडल ओढलं आणि मी दोन्ही हातांनी शाफ्ट फिरवायला गेलो, ढिम्म नाही.

गावाबाहेर पाच किलोमीटर चक्कर मारून ड्रमला हात लावून बघितला, कोमट. मग पसरणी घाटात, वरच्या एका वळणाच्या अलीकडे, रस्ता मोकळा बघून कडेला उभी केली. भाऊ दगड घेऊन चाकापाशी. न्यूट्रल केली, हँडल ओढलं, पायातला ब्रेक हळूहळू सोडला. गाडी चार बोटं मागे सरकली आणि टक् करून थांबली. पोटात गोळा आला होता पण ती तिथेच. दहा मिनिटं उभी ठेवली. भावाने मागून ढकलून पण बघितली.

ते चार बोटं सरकणं नॉर्मल आहे का काका?

जुना_पाना
नॉर्मल. ब्रेक शाफ्टच्या पुढच्या टोकाला आहे, चाकापर्यंत मध्ये दोन क्रॉस, डिफरन्शियलचे दाते आणि अ‍ॅक्सलच्या खाचा आहेत, त्या सगळ्यांची ढील निघेपर्यंत गाडी सरकते आणि मग धरते. चाराची आठ बोटं झाली तर क्रॉस तपासायचे. रात्रभर ड्रमखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा.

मृणाल_दापोली
खूप बरं वाटलं वाचून. आता आजी निवांत बसू देत. आणि १९७२ ची म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली, तर व्हिंटेज नोंदणीचा विचार केला आहे का? २०२१ च्या नियमाप्रमाणे २० हजार रुपये फी, १० वर्षांसाठी, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण मूळ गाडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती वगैरेपुरतीच. तुमचं पेट्रोल इंजिन मूळचं आहे हे फार मोलाचं आहे, बहुतेकांनी डिझेल टाकून घेतलंय.

वाईकर_जीप
ताई, शेतावर न्यायची असते अधूनमधून, त्यामुळे तो विचार जरा थांबवलाय. इंजिन मात्र बदलणार नाही, आजोबांनी पण बदलू दिलं नव्हतं.

पुठ्ठा दोन रात्री ठेवला काका. पहिल्या सकाळी एक वाटाण्याएवढा डाग होता, घाबरलो, पण वास घेतला तर तो केबलला लावलेल्या तेलाचा निघाला. दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरा. आजीला सांगितलं की आता गाडी हलत नाही, तर तिने स्वतः जाऊन बॉनेटला दोन्ही हात लावून ढकलून बघितलं आणि मग कट्ट्यावर जाऊन बसली.

मृणाल_दापोली
आजींना नमस्कार सांगा. तुमच्या सीलचं माप मिळेल का? आमचं पण या पावसाळ्याआधी बदलायचंय आणि दुकानदार प्रत्येक वेळी वेगळंच काढून देतो.

वाईकर_जीप
जुन्याचे तुकडे आणि नव्याचा कागद दोन्ही डबीत ठेवलेत. उद्या व्हर्नियरने योकचं आणि कॅपचं माप घेऊन इथेच टाकतो.